अण्णांची डायरी आणि चार फर्मे: वकील, खेळाडू आणि घरातला माणूस एका स्मृतिपुस्तिकेत कसा आणावा

अण्णा गेल्यावर सहाव्या दिवशी सकाळी साडेनऊला बेल वाजली. दारात मुळशीकडचे एक आजोबा उभे होते. हातात कापडी पिशवी, डोक्याला टोपी. "वकीलसाहेब निघाले का कोर्टात? आज आपली साक्ष आहे." त्यांना कळलंच नव्हतं. आईनं त्यांना आत बसवलं, चहा ठेवला. मी अण्णांच्या टेबलावरची डायरी उघडली. त्या तारखेच्या पानावर दावा नंबर, कोर्ट नंबर, पुढे 'वादीची साक्ष', सगळं अण्णांच्या तिरक्या अक्षरात होतं. पानाचा तळ मात्र कोरा होता. मी दहा पानं मागे गेले. तिथं तळाला पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं सापडलं: 'पर्वती २. गुडघा बरा. चिकू आणणे.'

वर शाईनं कोर्ट, खाली पेन्सिलीनं मैदान आणि घर. पन्नास वर्षं माणूस हे तिन्ही एकाच पानावर लिहीत होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. वर्षश्राद्धाला आम्ही जी ६४ पानांची पुस्तिका केली, तिचा कणा म्हणजे या डायऱ्या. नात्यातल्या आणि बारमधल्या, म्हणजे वकील संघटनेतल्या, तिघा-चौघांनी नंतर विचारलं, आम्हालाही आमच्या वडिलांचं असं करायचंय, सुरुवात कुठून करू? म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पक्षकारांचे कागद

सुरुवात फोटोंच्या अल्बमपासून करू नका. घरातला माणूस वकिली करत असताना गेला असेल, तर पहिलं काम त्याच्या फायलींचं. वकीलपत्र वकिलाच्या मृत्यूबरोबर संपतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ मध्ये ते स्पष्ट आहे. म्हणजे तुमच्याकडे सुतक असताना तिकडे पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात त्यांच्या पक्षकाराच्या नावाचा पुकारा होतो आणि त्याच्या बाजूनं उभं राहायला कोणी नसतं.

आम्ही असं केलं. अण्णांचे कारकून, ज्यांना आम्ही लहानपणापासून काकाच म्हणतो, त्यांना घेऊन बसलो आणि डायरीत पुढच्या दोन महिन्यांत लिहिलेल्या सगळ्या तारखा एका वहीत उतरवल्या. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावानं शोध घेता येतो, त्यावरून यादी ताडून पाहिली. प्रत्येक प्रकरणाला तिथं १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तोही समोर लिहिला, म्हणजे पक्षकाराला पुढे दुसऱ्या वकिलाकडे जाताना सोपं पडतं. मग फोन. बारमधल्या दोन स्नेह्यांनी त्या त्या कोर्टात वकील निवर्तल्याचं सांगून पुढच्या तारखा मागून घेतल्या. चालू फायली ६३ निघाल्या. प्रत्येक फाइल पक्षकाराच्या हातात दिली आणि पोच घेतली. फायलीत मूळ खरेदीखत किंवा मृत्युपत्र असेल तर पोचेत त्याचा वेगळा उल्लेख केला.

स्मृतिपुस्तिकेशी याचा काय संबंध, असं वाटेल. दारावर आलेला एकही पक्षकार फाइल घेऊन लगेच गेला नाही. बसला, पाणी प्यायला, बोलला. दुसऱ्याच दिवशी मी दाराजवळ एक शंभर पानी वही आणि पेन ठेवलं. माणूस गेल्याबरोबर, विसरायच्या आत, तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत उतरवायचं. पुस्तिकेतला जवळजवळ अर्धा मजकूर त्या वहीतला आहे. हडपसरच्या एका बाईंनी सांगितलं, "साहेबांनी मला फी सांगितलीच नाही कधी. दर दिवाळीला विचारायची, ते म्हणायचे, निकाल लागू दे. निकाल लागला तेव्हा म्हणाले, आता मुलाची शाळेची फी भर." शोकसभेत कुणी हे सांगितलं नसतं, कारण त्या बाई शोकसभेला नव्हत्या.

जे छापायचं नाही ते

इथं एक काळजी घ्या. पक्षकारानं वकिलाला सांगितलेली गोष्ट वकील गेला म्हणून मोकळी होत नाही. पूर्वी १८७२च्या पुराव्याच्या कायद्यात कलम १२६ होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १३२ आहे. वकिलाचं काम संपल्यावरही गुप्ततेचं बंधन उरतं आणि ते कारकुनालाही लागू आहे. मुलांनी तर ते आपणहून पाळावं.

म्हणून डायरीच्या पानाचा फोटो घेताना वरच्या भागावर पांढरा जाड कागद ठेवायचा, फक्त तळाच्या ओळी दिसू द्यायच्या. नंतर संगणकावर पुसू म्हणून सोडू नका, मूळ फोटो फोनमध्ये राहतो आणि कुणाला तरी पाठवला जातो. पक्षकाराची आठवण छापायची असेल तर त्याला मजकूर वाचून दाखवा, सही घ्या. नाव, गाव, दाव्याचा प्रकार, यांतलं ओळख पटवणारं काढून टाका. आमच्याकडची सगळ्यात सुंदर आठवण आम्ही याच कारणानं छापली नाही. वाटपाच्या दाव्यातल्या दोन भावांची होती. थोरला सही द्यायला तयार होता, पण धाकट्याचं कुटुंब आजही त्याच वाड्यात राहतं. ते पान मी हातानं लिहून आईला दिलं. तिच्या कपाटात आहे.

डायरी कशी वाचायची

आम्हाला १९७५ ते २०२४ मधल्या ४१ डायऱ्या मिळाल्या. पहिल्या रात्री मी अधाशासारखी वाचत सुटले आणि दोन तासांत काहीच हाती लागेना, नुसतं रडू यायला लागलं. मग पद्धत ठरवली. रोज एकच वर्ष. शेजारी कोरी वही. कोर्टाच्या नोंदी ओलांडून जायच्या. तळाची ओळ जशी आहे तशी उतरवायची, तारखेसकट, र्‍हस्व-दीर्घ न सुधारता. मैदानाच्या नोंदीपुढे हिरवी खूण, घराच्या नोंदीपुढे लाल. वर्ष संपलं की कोणता शब्द पुन्हा पुन्हा येतो ते पाहायचं.

'पर्वती', म्हणजे पुण्यातली टेकडी, हा शब्द सगळ्यात जास्त वेळा आला. त्यापुढचा आकडा म्हणजे किती वेळा चढले तो. पायऱ्या १०३, 'पर्वती ५' म्हणजे पाचशेपंधरा पायऱ्या कोर्टात जायच्या आधी. पुण्यात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली आणि त्या वर्षापासून तळाला किलोमीटर दिसायला लागतात. १९९६च्या पावसाळ्यात 'गुडघा' येतो आणि मग जात नाही. 'पर्वती ५' चं ३ होतं, २ होतं. शेवटपर्यंत शून्य मात्र झालं नाही. ज्या दिवशी गेले नाहीत त्या दिवशी ते आकडा लिहीतच नसत.

एक पान तुम्हाला जसंच्या तसं दाखवते. जून १९९४, माझ्या दहावीच्या निकालाचा दिवस. वर चार प्रकरणं. चारांपैकी तिघांपुढे नेहमीची पुढची तारीख. चौथ्यापुढे 'तारीख मागितली', आणि त्याला तळापर्यंत एक बाण ओढलेला. बाणाच्या टोकाला: 'चिंगीचा निकाल. ११ वा. शाळेत. ७४. ठीक. आईसक्रीम.' मला तो दिवस अजिबात असा आठवत नव्हता. मला आठवत होतं ते इतकंच, की अण्णांना ८० हवे होते आणि ते शाळेच्या फाटकाशी गप्प उभे होते. ते कोर्टातून तारीख मागून आले होते, हे मला तीस वर्षांनी त्या बाणावरून कळलं. अण्णा सहसा तारीख मागत नसत. त्याबद्दल बारमध्ये त्यांची ख्याती होती. पुस्तिकेत या पानाचा तळ छापला आणि शेजारी मी माझ्या आठवणीतला निकालाचा दिवस लिहिला. दोन्ही असू द्यावेत असं मला वाटतं.

तुमच्या घरी डायरी नसेल तर कालनिर्णयाची जुनी पानं शोधा. दूध, गॅस, आजारपण, पाहुणे, सगळं त्यावर असतं. बँकेचं पासबुक, गाडीच्या पेट्रोलची वही, औषधांच्या चिठ्ठ्या, काहीही चालेल. माणसानं दुसऱ्यानं वाचावं म्हणून न लिहिलेला कागद हवा.

मैदानावरची चूक

आता एक चूक सांगते, ती आम्हीच केली. वर्तमानपत्रात द्यायच्या निधनवार्तेत घाईघाईनं लिहिलं की अण्णा १९७० साली राष्ट्रीय खो-खो स्पर्धेत महाराष्ट्राच्या संघात होते. घरात तसंच सांगितलं जायचं. दुपारी त्यांच्या संघातल्या एका मित्राचा फोन आला. "अगं बाळ, त्या वर्षी निवड झाली होती, पण तो गेलाच नाही. टायफॉइडनं पडला होता. तो खेळला आदल्या वर्षी." ते रागावले नव्हते, पण मला फार लागलं. ज्या माणसानं आयुष्यभर कागद पाहिल्याशिवाय वाक्य लिहिलं नाही, त्याच्याविषयीचं आमचं पहिलंच वाक्य चुकलं होतं.

त्यानंतर नियम केला. खेळाची कोणतीही गोष्ट दोन ठिकाणी जुळली तरच छापायची. प्रमाणपत्र, संघाचा फोटो, कॉलेजचा वार्षिक अंक, वर्तमानपत्राचं कात्रण, हयात असलेला खेळाडू, यांपैकी कोणतीही दोन. संघाच्या जुन्या फोटोंखाली 'बसलेले, डावीकडून' अशी नावांची पट्टी असते. फ्रेममध्ये ती दबलेली असते, म्हणून फ्रेम मागून उघडून पाहा. वकिलीचं साल मात्र सोपं असतं, ते सनदेवर, म्हणजे वकिलीच्या परवान्यावर, मिळतं.

आकडा छापताना तो नातवंडांना कळेल असा छापा. '२ मि. ५० से. संरक्षण' एवढंच लिहिलंत तर आजच्या मुलांना त्यात काय मोठं, असं वाटतं. खो-खोत डाव ९ मिनिटांचा. आठ जण पाटीवर एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसलेले, नववा मागे धावतोय, कुठूनही खो मिळून समोर नवा, ताजा गडी उठतो. बचाव करणारे तिघे तिघे आत येतात. त्यात एकट्यानं पावणेतीन मिनिटांच्या वर नाबाद राहणं म्हणजे काय, हे एका परिच्छेदात सांगितलं, तेव्हा माझा भाचा पुस्तिका हातात घेऊन आजीला म्हणाला, "आजोबा एवढे फास्ट होते?"

जुन्या खेळाडूंना बोलतं करायची एक युक्ती सापडली. नुसतं "अण्णांबद्दल सांगा" म्हटलं की सगळे म्हणायचे, "फार मोठा माणूस." पुढे काही नाही. २०२५च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले, पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आपल्या पुण्याचा. मी अंतिम सामना फोनवर लावून त्या मित्रांसमोर ठेवला. पाच मिनिटांत तिघे बोलायला लागले. मॅट आणि माती, बूट आणि अनवाणी पाय, आणि मग, "हे बघ, इथं हा पोरगा खांबावर वळतोय ना, तुझा बाप याच्या उलटा वळायचा." शहात्तर वर्षांचे काका खुर्चीतून उठले, दिवाणखान्यातल्या खांबाला डावा तळवा लावला, उजवा खांदा खाली टाकला आणि वळले. "असा. मागच्याला वाटायचं हा सरळ जातोय. तोवर हा पलीकडे." त्यांच्या सूनबाई घाबरून धावत आल्या. ते हालचालीचं चित्रण माझ्याकडे आहे, आणि पुस्तिकेत त्यातली तीन चित्रं ओळीनं छापली आहेत.

कुणाला विचारायचं, कसं

वयानं सर्वांत मोठ्या माणसाकडे आधी जा. आम्ही आत्याला 'घरचीच आहे' म्हणून मागे ठेवलं आणि मे महिन्यात तिची वाचा गेली. त्याचं दुःख राहील.

जाताना फोटो घेऊन जा, प्रश्नावली नको. "कसे होते?" असं विचारलं की विशेषणं मिळतात. "शेवटचं कधी भेटलात, कुठं उभे होते, हातात काय होतं?" असं विचारलं की गोष्ट मिळते. रेकॉर्डिंग करत असाल तर परवानगी घ्या, फोन टेबलावर नुसता न ठेवता घडी केलेल्या रुमालावर ठेवा, पंखा बंद करा, आणि स्वयंपाकघरात कुकर लागलेला असेल तर तो होईपर्यंत थांबा. बोलणारा गप्प झाला की लगेच पुढचा प्रश्न विचारू नका. चांगल्या गोष्टी त्या गप्प बसण्यानंतर येतात.

आणि यादीत नसलेल्यांना शोधा. आम्ही न्यायाधीश, वकील, क्रीडा संघटक, सगळ्यांकडे गेलो आणि गल्लीच्या तोंडाशी टपरी असलेल्या इस्त्रीवाल्या मामांना विसरलो. चौतीस वर्षं त्यांनी अण्णांच्या गळ्यातल्या पांढऱ्या बँडना खळ आणि इस्त्री केली. आईनं आठवण केली म्हणून गेले. मामा म्हणाले, "सोमवारचे बँड कडक लागायचे त्यांना. शुक्रवारचे चालायचे कसे पण. मी विचारलं एकदा, का हो? तर म्हणाले, सोमवारी नवा माणूस पहिल्यांदा कोर्ट बघतो मामा. त्याला वाटलं पाहिजे आपला वकील तयार आहे." हे वाक्य पुस्तिकेच्या पहिल्या पानावर आहे.

बोलणाऱ्याची भाषा तशीच ठेवा. मुळशीच्या आजोबांचं 'सायेब' आम्ही 'साहेब' केलं नाही.

घरातला भाग

हा भाग सर्वांत अवघड गेला. गेलेल्या माणसाविषयी वाईट लिहू नये, असं घरात दोन मोठी माणसं म्हणाली. पण दादाच्या शाळेच्या एकाही बक्षीस समारंभाला अण्णा गेले नव्हते, आणि दादाला ते सलत होतं. माझ्या निकालाचा बाण पाहिल्यावर तर जास्तच सललं. तो म्हणाला, मग मी काहीच लिहीत नाही.

आईनं सोडवलं. ती म्हणाली, लिही, पण मला आधी वाचून दाखव. दादानं दीड पान लिहिलं. समारंभ लिहिले, रिकामी खुर्ची लिहिली, आणि हेही लिहिलं की बारावीनंतर तो खो-खो सोडतो म्हणाला तेव्हा अण्णा एक शब्द बोलले नाहीत, त्याच्याबरोबर लॉ कॉलेजच्या टेकडीवर चालत गेले आणि वरून परत आले. आईनं ऐकलं. म्हणाली, "हं. असेच होते." एक शब्द बदलायला सांगितला नाही. तुम्हीही असंच करा: ज्याला लागलं त्यानंच लिहावं, दुसऱ्यानं त्याच्या वतीनं नाही, आणि घरातल्या सर्वांत जवळच्या माणसाला छपाईपूर्वी मोठ्यानं वाचून दाखवावं. डोळ्यांनी वाचताना न खुपलेलं कानाला खुपतं.

फोटो आणि छपाई

थोडक्यात सांगते. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, दात साफ करायचा दोरा फोटोखालून हळूहळू सरकवा. छोटे फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा. मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं. बॉलपेन पुढून उमटतं. मूळ फोटोला लॅमिनेशन कधीही करू नका.

मजकूर फर्म्यांच्या हिशेबात बसवा. डेमी आकार, सोळा पानांचा एक फर्मा (एकत्र छापला जाणारा मोठा कागद), आमचे चार फर्मे झाले. पासष्टावं पान वाढलं की खर्च एकदम वाढतो, म्हणून कापाकापी आधीच करून घ्या. फोटोंची पानं सलग ठेवली तर तेवढ्यालाच आर्ट पेपर पुरतो. प्रूफ दोन वेगळ्या माणसांनी वाचावं, त्यांतला एक तरी कुटुंबाबाहेरचा असावा. आम्हा सगळ्यांना अण्णांची जन्मतारीख इतकी पाठ की छापलेली चुकीची तारीखही कुणाच्या डोळ्यांना दिसली नव्हती. कारकूनकाकांनी पकडली.

शोकसभेत बारनं जो ठराव केला असेल त्याची प्रत मागून घ्या आणि शेवटी छापा. भाषणं मात्र पूर्ण छापू नका.

शेवटची चार पानं कोरी ठेवा, फक्त फिक्या रेघा. आम्ही २०० प्रती काढल्या आणि प्रत्येकीत एक छोटी पेन्सिल खोचून दिली. आतापर्यंत नऊ प्रती भरून परत आल्या आहेत. आत्याची प्रत तिच्या मुलीनं आणून दिली. तिला बोलता येत नाही, पण डाव्या हातानं लिहिता येतं. एकाच ओळीला पूर्ण पान लागलं होतं: 'लहानपणी मला पाठीवर घेऊन पर्वती चढला. खाली उतरताना मी झोपले.'